राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर

राष्ट्रीय सेवा योजनेतील (रासेयो) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे दत्तक गावात भरणारे सात दिवसांचे निवासी शिबिर. महाराष्ट्रात ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणून बोलण्यात ‘हिवाळी शिबिर’ हेच नाव रुळले आहे.

शिक्षण घेताना समाजसेवा सक्तीची असावी की ऐच्छिक, हा वाद योजनेहून जुना. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सक्तीच्या सेवेची शिफारस केली होती; इतर देशांतील प्रयोगांचा अभ्यास करणारे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदेन यांचा कौल ऐच्छिक सेवेला होता. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली ती ऐच्छिक स्वरूपातच.

महाविद्यालयातील योजनेच्या एका एककात (युनिटमध्ये) साधारण १०० स्वयंसेवक आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतो. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचे आणि एकदा विशेष शिबिर पूर्ण करायचे. शिबिराला एककातील निम्मे, म्हणजे ५० जण जातात.

शिबिर बरे होणार की वाईट, हे निघण्याआधीच ठरलेले असते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना महिनाभर आधी भेटून मुक्कामाच्या खोल्या, पाणी, मुलींसाठी स्वतंत्र निवास व स्वच्छतागृह, जवळचे आरोग्य केंद्र आणि कामाची जागा पक्की करावी लागते. काम गावाने सुचवलेले असावे. महाविद्यालयाने परस्पर ठरवलेले काम गावकरी हात मागे बांधून बघतात, आणि शिबिर उठल्यावर त्याची देखभाल कोणी करत नाही.

मुलांचे आठ-दहा जणांचे गट करतात. गटांना नद्यांची किंवा गडांची नावे देण्याची जुनी हौस आहे. गट पाडताना एका वर्गातले, एका खोलीतले मित्र वेगळे करावे लागतात. गटप्रमुख दुसऱ्या वर्षाचा, आधी एक शिबिर केलेला असावा. स्वयंपाक, स्वच्छता, पाणी, मंच आणि अहवाल ही कामे रोज पाळीने बदलतात. रोज रात्रीच्या आढावा बैठकीत चुका गटप्रमुखांनीच मांडायच्या. अधिकाऱ्याने शेवटी बोलायचे. तो सुरुवातीलाच बोलला की बैठकीचे भाषण होते. मुलींना स्वयंपाक आणि मुलांना टिकाव-फावडे ही वाटणी आपोआप होऊ पाहते. पाळीचा तक्ता भिंतीवर लावला नाही तर दुसऱ्याच दिवशी ती पक्की होते.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. व्यायाम, प्रार्थना, नाश्ता, मग दुपारपर्यंत श्रमदान. जेवणानंतर व्याख्यान, ज्याला शिबिरात ‘बौद्धिक’ म्हणतात. संध्याकाळी गावफेरी किंवा घरोघर सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. चार तास माती उपसलेली मुले दुपारच्या बौद्धिकात पेंगतात, यात वक्त्याचा दोष नसतो. त्या वेळी प्रात्यक्षिक किंवा गटचर्चा ठेवलेली बरी.

श्रमदानात वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यावर घातलेला माती भरलेल्या पोत्यांचा बांध, सर्वाधिक आवडता, कारण तो दोन-तीन दिवसांत उभा राहतो आणि पाणी डोळ्यांसमोर साठते. पाऊस संपला तरी थोडी धार वाहती आहे असा, अरुंद पात्राचा आणि दोन्ही काठ उंच असलेला ओढा निवडतात. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने सुमारे दोन तृतीयांश भरून तोंड शिवतात. गच्च भरलेले पोते गोल होते, नीट बसत नाही आणि फटींतून पाणी जाते. पोत्यांचे थर विटांच्या बांधकामासारखे सांधा चुकवून रचतात; तळ रुंद, माथा अरुंद. मधल्या पोकळीत चिकणमाती भरून ती तुडवतात. बंधारा फुटला की बहुधा दोनच कारणे निघतात: तळाची सैल वाळू न काढल्याने पाणी खालून निघाले, किंवा टोके काठात न घुसवल्याने बाजूने. बंधारा तात्पुरताच असतो. उन्हाने पोती विरतात, पुढच्या पावसात बांध वाहून जातो आणि दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पोती महाविद्यालयातून नेण्यापेक्षा गावातल्या बांधकामांवरून आधी गोळा केली तर स्वस्तही पडतात आणि गाव कामात येते.

शोषखड्ड्याचे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचे, काम कमी दिमाखाचे, पण अधिक टिकाऊ. साधारण एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान, आणि सांडपाणी आधी जाळीच्या मडक्यातून किंवा लहान टाकीतून जाईल अशी सोय. ती सोय वगळली की राख, उष्टे आणि साबणाचा मळ दगडांत साचून खड्डा तुंबतो. विहीर किंवा हातपंपाजवळ तो मुळीच घेऊ नये. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे सांडपाणी परसबागेला दिलेले बरे.

सर्वेक्षणाचे अर्ज मात्र बहुतेक शिबिरांत भरले जातात आणि कपाटात जातात. माहितीची बेरीज शिबिरातच करून समारोपाच्या आदल्या संध्याकाळी ग्रामस्थांसमोर वाचली, तर आकड्यांतली चूक गावच दाखवते. पुढच्या वर्षीचे कामही अनेकदा त्याच चर्चेत ठरते. दत्तक गाव दरवर्षी बदलणाऱ्या एककांना हा लाभ मिळत नाही.

काही विद्यापीठे योजनेतील सहभागासाठी वाढीव गुण देतात. त्यामुळे नोंदणी वाढते आणि केवळ हजेरीपुरते येणारेही वाढतात. त्यांना गटप्रमुखाच्या हाताखाली पहिल्याच दिवशी चुलीवर लावणारे अधिकारी अनुभवी समजावेत.