मधुमेह व लठ्ठपणा असलेल्या अल्प उत्पन्न गटातील प्रौढांसाठी हार्ट फेल्युअर प्रतिबंधक अभ्यास : पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

टाइप-२ मधुमेह आणि लठ्ठपणा एकत्र असल्यास हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होत जाऊ शकतो आणि शरीराला हवे तितके रक्त पुरवणे त्याला जमेनासे होऊ शकते. हार्ट फेल्युअर नावाचा हा आजार टाळण्यासाठी अल्प उत्पन्न असलेल्या प्रौढांना सामावून घेणारे संशोधन-अभ्यास घेतले जातात. त्यांचे निकष एकसारखे नसतात, त्यामुळे अर्जापूर्वी त्या-त्या अभ्यासाचे माहितीपत्रक वाचून घ्यावे.

पात्रतेबाबत सर्वाधिक गैरसमज असा, की काही त्रास होत नसेल तर अर्ज करण्याचे कारण नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. धाप लागणे, पायांवर सूज येणे अशी लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तीला प्रतिबंधाची नव्हे, उपचाराची गरज असते आणि हार्ट फेल्युअरचे निदान झालेल्यांना अशा अभ्यासात सहसा घेत नाहीत. मधुमेहाच्या निदानासाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, तर लठ्ठपणासाठी बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) ३० किंवा अधिक ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. आशियाई वंशाच्या व्यक्तींसाठी बीएमआयची मर्यादा कमी ठेवली जाते. गर्भवती महिला, डायलिसिसवरील रुग्ण आणि अनेकदा टाइप-१ मधुमेहाचे रुग्ण वगळले जातात, कारण चाचणीतील औषध एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे) असेल, तर टाइप-१ मध्ये कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्त आम्लयुक्त होण्याच्या गंभीर अवस्थेचा, धोका वाढतो.

निवड बहुधा एनटी-प्रोबीएनपी या रक्तचाचणीवर अवलंबून असते. हृदयावर ताण आला की रक्तातील हा घटक वाढतो आणि लक्षणे नसलेल्या मधुमेही व्यक्तीत प्रति मिलिलिटर १२५ पिकोग्रॅम किंवा अधिक पातळी आढळल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. मात्र लठ्ठ व्यक्तींमध्ये ही पातळी मुळातच कमी दिसते. त्यामुळे केवळ या आकड्यावरून नाव वगळले गेल्यास इकोकार्डिओग्राफीचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) विचार होईल का, हे अवश्य विचारावे.

अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा एचबीए१सी अहवाल, मूत्रपिंडाच्या कार्याचा अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. सुरू असलेल्या औषधांची यादी आठवून लिहिण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटेच दाखवावीत, कारण पायोग्लिटाझोन व सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधांनी हार्ट फेल्युअरचा धोका वाढू शकतो आणि ती घेत असल्याचे संशोधकांना कळणे आवश्यक असते. ती परस्पर बंद मात्र करू नयेत. अनेकांचा अर्ज अडतो तो उत्पन्नाच्या पुराव्यावर. रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे पगाराची पावती कोठून येणार? अशा वेळी मदत योजनेचे कार्ड किंवा स्वतःचे घोषणापत्र चालते का, याची चौकशी आधीच करावी.

तपासण्यांपूर्वी संमतीपत्रावर सही घेतली जाते. वाचता न येणाऱ्यांना ते निःपक्षपाती साक्षीदारासमोर वाचून दाखवणे बंधनकारक असते. एका गटाला औषधाऐवजी तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळू शकते आणि कोणाला काय मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते, हे सहीपूर्वीच समजून घ्यावे. संमतीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवावी. सहभाग केव्हाही, कारण न देता सोडता येतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. प्रवासखर्च मिळणार का आणि अभ्यास संपल्यावर औषध कोण पुरवणार, ही उत्तरे लेखी मागावीत.

निवड झाली नाही, तरी तपासणीचे अहवाल मागून घ्यावेत आणि एनटी-प्रोबीएनपी वाढलेले असल्यास ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना लगेच दाखवावेत.