डायग्राम काढणारं एक्स्टेन्शन आणि कोड वाचणारं टूल, एकच समजू नका

व्हीएस कोड (व्हिज्युअल स्टुडिओ कोड, कोड लिहायचा एडिटर) मध्ये प्लांटयूएमएलचं, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून डायग्राम काढणाऱ्या टूलचं, एक्स्टेन्शन टाकायचं, जावाची फाईल उघडायची, ऑल्ट धरून डी दाबायचं आणि मग "क्लास डायग्राम (क्लास आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) कुठंय?" म्हणून वैतागायचं, हे इतक्या जणांचं होतं की आता कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, तुला डायग्राम लिहायचीये की कोडमधून उपसून हवीये? दोन्ही कामं वेगळी आहेत, टूल्सही वेगळी.

प्लांटयूएमएल (2009 पासून आहे) किंवा मर्मेड (2014) तुमच्या कोडकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुम्ही वेगळ्या फाईलमध्ये क्लासची नावं लिहायची, मधे बाणाच्या खुणा द्यायच्या, इनहेरिटन्सला (एक क्लास दुसऱ्याचा वारस) <|-- , कंपोझिशनला (मालक गेला की भागही जातो) *-- , अ‍ॅग्रिगेशनला (मालक गेला तरी भाग राहतो) o-- , आणि ते त्याचं चित्र करून देतात, बास. प्लांटयूएमएल मशीनवरच चालवायचं तर जावा लागतं, आणि क्लास डायग्रामला सहसा ग्राफव्हिझही (चित्राची मांडणी करणारं वेगळं सॉफ्टवेअर) लागतं, म्हणून सिक्वेन्स डायग्राम मस्त दिसते पण क्लास डायग्रामला एरर येते असं झालं तर आधी तिथे बघा. सर्व्हरवर रेंडर करायची सोयही आहे, पण मग तुमचा मजकूर त्या सर्व्हरकडे जातो, ऑफिसचं डिझाईन असेल तर जरा जपून. मर्मेडला ही भानगड नाही, ते जावास्क्रिप्ट आहे, आणि 2022 पासून गिटहबवर रीडमीमध्ये थेट दिसतं.

दुसरी जात म्हणजे कोड वाचून डायग्राम काढणारी. पायथनवाल्यांकडे पायरिव्हर्स आहे, पायलिंट (पायथन कोड तपासणारं टूल) इन्स्टॉल केलं की सोबत येतंच, पॅकेजचं नाव द्या की कुठला क्लास कुठून इनहेरिट होतो ते काढून देतं. सी शार्पवाल्यांना क्लास डिझायनर आहे पण तो मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओत, व्हीएस कोडमध्ये शोधत बसू नका, नाव सारखं असलं तरी.

हाताने लिहिलेली डायग्राम म्हणजे मंजूर नकाशा आणि कोडमधून निघालेली म्हणजे प्रत्यक्षात उभी राहिलेली बिल्डिंग, बंद केलेल्या बाल्कन्यांसकट. नकाशा वाचायला सोपा, पण सहा महिन्यांनी कोणी क्लास हलवला तरी फाईल तशीच, कोणी अपडेट करत नाही (खरंच कोणी करत नाही). दुसरीत जे आहे तेच दिसतं, पण सगळंच दिसतं, हेल्पर, युटिल, टेस्टचे क्लास, आणि मोठ्या प्रोजेक्टवर चालवलं तर स्क्रीनभर नुसतं जाळं.

आणि एक गोष्ट कोड वाचणाऱ्याला धड कळतच नाही. इनहेरिटन्स कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे चूक व्हायचा प्रश्न नाही. पण ऑर्डरमध्ये कस्टमरचं फील्ड आहे आणि ऑर्डरलाइनचंही आहे, तर ऑर्डर डिलीट झाल्यावर ऑर्डरलाइन जाते आणि कस्टमर राहतो, हे जावाच्या फील्डवरून कसं कळणार? दोन्ही फील्डच. त्यामुळे भरलेला हिरा (कंपोझिशन) की मोकळा हिरा (अ‍ॅग्रिगेशन) हे टूलने दाखवलं तरी तो अंदाज समजा, तपासून घ्या. पायथनमध्ये टाईप हिंट (कुठे कुठल्या प्रकारची व्हॅल्यू येते ते सांगणाऱ्या खुणा) नसतील तर काही रेषा येतच नाहीत, म्हणजे संबंध नाही असं नव्हे.

माझं मत विचाराल तर जुना अनोळखी कोड हातात आला की आधी उपसा, नवीन काही ठरवायचं असेल तर लिहा. दोन्हीची सांगडही बसते, पायरिव्हर्सला आउटपुट प्लांटयूएमएल किंवा मर्मेडमध्ये मागता येतं, मग ती फाईल व्हीएस कोडमध्ये उघडायची, नको ते क्लास उडवायचे, हिरे नीट करायचे, बाजूला प्रीव्ह्यू चालू ठेवायची. फक्त ही छाटलेली फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करा, नाहीतर पुढच्या वेळी तीच कमांड चालवली की सगळी मेहनत ओव्हरराईट.