जननांगीय हर्पिस : सायटोकाइनांचे संरक्षणकार्य

हर्पिस सिंप्लेक्स विषाणूच्या संसर्गात जननमार्गाच्या श्लेष्मकलेचे (आतील ओलसर आस्तराचे) रक्षण करणाऱ्या आणि प्रसंगी तिलाच इजा करणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचे कार्य. अशा प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. विषाणूंना अडविणारी इंटरफेरॉने, पांढऱ्या रक्तपेशींमध्ये संदेश पोचविणारी इंटरल्यूकिने व पेशींना ओढून आणणारी केमोकाइने हे त्यांचे येथे महत्त्वाचे असलेले गट होत. जननांगीय हर्पिस मुख्यतः विषाणूच्या दुसऱ्या प्रकारामुळे (एचएसव्ही-२) होतो, परंतु पहिल्या प्रकाराचा (एचएसव्ही-१) त्यातील वाटा अनेक देशांत वाढलेला दिसतो. बोलीभाषेतील ‘नागीण’ हा व्हॅरिसेला-झोस्टर या निराळ्या विषाणूचा विकार असल्याने या नोंदीत ‘हर्पिस’ हीच संज्ञा ठेवली आहे.

इंटरफेरॉनाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः ॲलिक आयझॅक्स व झां लिंडनमान यांना दिले जाते. लंडनमध्ये काम करताना १९५७ साली त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या इन्फ्ल्युएंझा विषाणूसह ठेवले, तेव्हा भोवतालच्या द्रवात इतर पेशींना संसर्गापासून वाचविणारा घटक उतरल्याचे त्यांना आढळले. त्याला ‘इंटरफेरॉन’ हे नाव त्यांनीच दिले. मात्र जपानमधील यासुइची नागानो व यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच, सशाच्या त्वचेवर व्हॅक्सिनिया विषाणू वापरून केलेल्या प्रयोगांच्या आधारे, एका ‘निरोधक घटका’चे वर्णन फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले होते. हा घटक इंटरफेरॉनच होता की त्यात प्रतिपिंडांचाही (रोगजंतूला चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांचाही) परिणाम मिसळलेला होता, याविषयी मतभेद आहेत. नागानो व कोजिमा यांचे निरीक्षण आधीचे असले, तरी घटकाचे स्वतंत्र अस्तित्व व नाव प्रस्थापित करण्याचे काम १९५७ च्या निबंधांनी केले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आज पहिल्या वर्गात आल्फा, बीटा, एप्सिलॉन इत्यादी, दुसऱ्यात गॅमा आणि २००३ मध्ये वर्णिलेल्या तिसऱ्यात लॅम्डा इंटरफेरॉने मोडतात.

विषाणू पेशीत शिरल्यावर त्याचा डीएनए टीएलआर-९ हा ग्राही (परका घटक ओळखणारे प्रथिन), तसेच पेशीद्रवातील सीजीएएस–स्टिंग ही प्रथिनांची साखळी ओळखते आणि पहिल्या वर्गातील इंटरफेरॉने स्रवू लागतात. शेजारच्या पेशी त्या संकेताने सावध होतात व प्रथिननिर्मिती थांबविणारी विकरे सज्ज करतात. विषाणूपाशी यावर तोड आहे : त्याचे आयसीपी-० हे प्रथिन पेशीतील काही प्रतिबंधक प्रथिनांचा नाश घडवून आणते, तर आयसीपी-३४.५ हे थांबविलेली प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू करविते. त्यामुळे इंटरफेरॉन विषाणूच्या आधी पेशीपर्यंत पोचते की नंतर, यावर बरेच काही अवलंबून असते. या दृष्टीने एप्सिलॉन इंटरफेरॉन लक्षणीय आहे. इतर इंटरफेरॉने संसर्गानंतर स्रवतात, हे मात्र स्त्री-जननमार्गाच्या आस्तरात संसर्गाशिवायही असते व त्याचे प्रमाण संप्रेरकांनुसार बदलते. त्याचे जनुक नसलेल्या उंदरांत एचएसव्ही-२ चा संसर्ग अधिक तीव्र होतो, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकासारखे औषध टोचलेल्या उंदरिणी संसर्गास सुमारे शंभरपट अधिक बळी पडतात, ही बाब त्याआधीच ज्ञात होती. किंबहुना प्रयोगशाळेतील बहुतेक निष्कर्ष असे औषध देऊन सुलभ केलेल्या संसर्गातूनच आले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

पहिल्या काही दिवसांत इंटरल्यूकिन-१५, -१२ व -१८ ही नैसर्गिक मारक पेशींना (संसर्गित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) टिकवून वा चेतवून गॅमा इंटरफेरॉन स्रवण्यास लावतात. -१२ व -१८ यांच्या अभावी प्राथमिक संसर्ग बळावतो, परंतु लसीकरणाने येणारे संरक्षण त्यांच्याविनाही उभे राहू शकते.

उपार्जित (संसर्ग वा लसीनंतर येणाऱ्या) प्रतिकारात उंदरांपुरते तरी मध्यवर्ती स्थान गॅमा इंटरफेरॉनाचे आहे. दुर्बल केलेल्या विषाणूने लसीकरण केलेल्या उंदरांत हे इंटरफेरॉन निष्प्रभ केल्यास योनिमार्गातून विषाणू हटण्यास विलंब होतो. ते मुख्यतः सीडी-४ टी-पेशी (इतर पेशींना साहाय्य करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) स्रवतात, आणि संसर्गित पेशी ठार मारण्यापेक्षा आस्तरातील पेशींना विषाणूसाठी प्रतिकूल बनविणे हे त्याचे कार्य असावे. अकिको इवासाकी यांच्या येल विद्यापीठातील गटाने २००९ मध्ये दाखविले की सीडी-४ पेशी आधी पोचून गॅमा इंटरफेरॉन स्रवतात, त्यामुळे आस्तरातून सीएक्ससीएल-९ व सीएक्ससीएल-१० ही केमोकाइने बाहेर पडतात आणि त्यांच्या मागावर सीडी-८ पेशी (संसर्गित पेशी मारणाऱ्या टी-पेशी) ऊतकात शिरतात. ही पायरी वगळल्यास रक्तात पुरेशा सीडी-८ पेशी असूनही त्या योनिमार्गात फारशा उतरत नाहीत. याच तत्त्वावर २०१२ मध्ये एक युक्ती योजली गेली : प्रथम त्वचेखाली लस टोचावयाची, नंतर ही दोन केमोकाइने योनिमार्गात लावून टी-पेशींना तेथे ओढून घ्यावयाचे. अशा उंदरांत पेशी दीर्घकाळ टिकल्या व नंतरच्या संसर्गात रोगलक्षणे टळली.

टी-पेशी श्रेष्ठ की प्रतिपिंडे, हा वाद जुना आहे. गॅमा इंटरफेरॉन मज्जारज्जूलगतच्या गुच्छिकांतील (चेतापेशींच्या पुंजक्यांतील) रक्तवाहिन्यांची पार्यता (आरपार जाऊ देण्याची क्षमता) वाढवून प्रतिपिंडांना चेतापेशींपर्यंत वाट करून देते, असे २०१६ च्या प्रयोगांवरून दिसते. दोन्ही पक्षांना परस्परपूरक ठरविणारा हा खुलासा अधिक पटण्याजोगा आहे. मानवाबाबत मात्र सावधगिरी हवी. गॅमा इंटरफेरॉनाच्या मार्गात जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींना मुख्यतः क्षयजंतूच्या कुळातील सूक्ष्मजंतू ग्रासतात. हर्पिस त्यांच्यात तितका ठळक नसतो.

इंटरफेरॉनाचा संकेत लांबल्यास तो अपायही करतो. पहिल्या वर्गातील इंटरफेरॉने दीर्घकाळ स्रवत राहिल्यास न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी व इंटरल्यूकिन-१८ यांच्याद्वारे ऊतकाची हानी वाढते, असे उंदरांत आढळले आहे. हानीचे प्रमाण केवळ विषाणूच्या संख्येवर ठरत नाही.

पहिल्या संसर्गानंतर विषाणू कटीखालील त्रिक गुच्छिकांत सुप्त राहतो. रुग्णांच्या बऱ्या झालेल्या व्रणांच्या जागी घेतलेल्या ऊतक-नमुन्यांत सीडी-८ पेशी चेतांच्या टोकांजवळ, त्वचेच्या दोन थरांच्या सीमेवर, महिनोन्‌महिने पहारा देत असलेल्या आढळतात. तेथेच टिकून राहणाऱ्या सीडी-४ पेशी मात्र एचआयव्हीला आयते लक्ष्य पुरवितात.

उपचारांत या ज्ञानाचा उपयोग मर्यादितच झाला. इंटरफेरॉन-प्रवर्तक रेसिक्विमॉड या लेपाने आरंभीच्या चाचण्यांत आशा दाखविली, पण मोठ्या चाचण्यांत तो पुनरुद्भव रोखू शकला नाही. आजही ॲसायक्लोव्हिर व त्याच्या वर्गातील औषधांवरच भिस्त आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८,३२३ स्त्रियांवरील चाचणीत विषाणूच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रथिन-डी या प्रथिनाच्या लसीने एचएसव्ही-१ मुळे होणाऱ्या जननांगीय रोगापासून ५८ टक्के संरक्षण दिले, एचएसव्ही-२ विरुद्ध मात्र काहीच नाही. संरक्षणाचा मेळ प्रतिपिंडांच्या प्रमाणाशी बसला, रक्तातील सीडी-४ पेशींच्या प्रतिसादाशी बसला नाही. ही मोजणी रक्तातील होती, श्लेष्मकलेतील नव्हे.