एनएफएलमधला कॅच : लॅम्बो फील्डवरच्या निकालाआधी आणि नंतर

टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल लाइनपलीकडे नेल्याचे गुण) रद्द झाला की एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे चाहते आज भांडतात ते झेलानंतरच्या तिसऱ्या पावलावरून. पाऊल टेकलं होतं की नव्हतं, हात गोल लाइनकडे गेला तेव्हा चेंडू ताब्यात होता की नव्हता. ही भाषा २०१८ च्या नियमातून आली, आणि त्या नियमाच्या मुळाशी एक जुनी जखम आहे. त्यामुळे चालू हंगामातल्या निकालावर बोलतानाही गाडी डॅलस आणि ग्रीन बे या संघांच्या २०१५ मधल्या सामन्यावर येऊन थांबते.

फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, १९०६ पासून कायदेशीर आहे. त्यानंतर कित्येक दशकं जवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला जे दिसलं तोच निकाल मानला जाई. रीप्ले, म्हणजे व्हिडिओ पाहून निकाल तपासणं, १९८६ मध्ये आला, १९९२ च्या हंगामाआधी काढून टाकला गेला आणि १९९९ मध्ये कोचच्या चॅलेंजसह (निकालाला आव्हान देण्याच्या हक्कासह) परतला. परतल्यावर पहिल्याच हंगामात त्याने घोळ घातला. जानेवारी २००० मध्ये सेंट लुईसला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टॅम्पा बेच्या रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूने, शेवटच्या मिनिटात घेतलेला पास रीप्लेवर रद्द झाला. चेंडू त्याच्या हातातच होता, फक्त त्याचं टोक जमिनीला लागलं होतं. सेंट लुईस ११–६ ने जिंकलं. पुढच्या हंगामापासून नियम बदलला : ताबा सुटला नसेल तर चेंडू जमिनीला लागला तरी चालेल.

मग ताबा कधीपर्यंत टिकवायचा? सप्टेंबर २०१० मध्ये शिकागोत डेट्रॉइटच्या रिसीव्हरने २४ सेकंद उरलेली असताना एंड झोनमध्ये (गोल लाइनपलीकडच्या पट्ट्यात) उंच उडी घेऊन चेंडू पकडला, दोन्ही पाय टेकवले, खाली बसता बसता एका हाताने चेंडू जमिनीवर टेकवला आणि तो हातातून निसटला. पाहणाऱ्या प्रत्येकाला टचडाउन दिसला. निकाल आला अपूर्ण पास, कारण झेलाची ‘प्रक्रिया’ पूर्ण झाली नव्हती. शिकागो १९–१४ ने जिंकलं. नियमाप्रमाणे निकाल बरोबर होता, म्हणजे चूक नियमातच होती. ती दुरुस्त करायला लीगने आठ वर्षं लावली.

त्या आठ वर्षांच्या मधोमध येतो ११ जानेवारी २०१५ चा सामना. ग्रीन बेचं मैदान लॅम्बो फील्ड, बाद सामन्यांमधली डिव्हिजनल फेरी, ग्रीन बे २६–२१ ने पुढे, पाच मिनिटांहून कमी वेळ शिल्लक. ग्रीन बेच्या ३२ यार्ड रेषेवर डॅलसचा फोर्थ डाउन, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न; चेंडू आपल्याकडे राखायला हवे होते फक्त दोन यार्ड. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, १,८४५ यार्ड, धावलेला बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) डॅलसकडेच होता. तरी चेंडू खोल टाकला गेला. कोचिंगवरचा वाद तेव्हापासून चालू आहे, पण बचावाने धाव अडवायची तयारी केली असताना आपल्या सर्वोत्तम रिसीव्हरला एकास एक सोडलं जात असेल, तर तिकडे फेकणं चूक म्हणता येत नाही. आणि पास पोहोचला होता.

डॅलसच्या रिसीव्हरने कॉर्नरबॅकच्या (त्याला अडवणाऱ्या बचावपटूच्या) डोक्यावरून दोन्ही हातांनी चेंडू घेतला. पाय जमिनीला लागले. तोल जात असताना त्याने चेंडू डाव्या हातात घेतला आणि गोल लाइनकडे झेप टाकली. हात आपटला, चेंडू जमिनीला लागून उसळला आणि त्याने तो पुन्हा पकडला. मैदानावरचा निकाल होता : कॅच, चेंडू एक यार्ड रेषेवर. ग्रीन बेच्या कोचने लाल फ्लॅग टाकून निकालाला आव्हान दिलं आणि रीप्लेनंतर पास अपूर्ण ठरला. डॅलसला पुन्हा चेंडू मिळालाच नाही.

सगळा वाद ‘फुटबॉल मूव्ह’ या शब्दांभोवती फिरतो. पडणाऱ्या खेळाडूने जमिनीला आपटेपर्यंत चेंडू टिकवायचा, असं नियम सांगे. पण पडण्याआधीच त्याने धावपटूसारखी एखादी हालचाल केली असेल, तर झेल तिथेच पूर्ण होई. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन गोल लाइनकडे झेपावणं ही तशी हालचाल नाही का? अधिकाऱ्यांचं म्हणणं, झेप पुरेशी स्पष्ट नव्हती, ते पडण्याचंच पुढचं टोक होतं. मला हे कधीच पटलेलं नाही. मैदानावरचा निकाल फिरवायला तेव्हा निर्विवाद पुरावा लागायचा, आणि खेळाडूच्या हेतूचा निर्विवाद पुरावा स्लो मोशनमध्ये सापडत नाही. स्लो मोशन उलट सलग हालचालीचे तुकडे पाडतं.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या आपल्याला हा पेच नवा नाही. १९९९ च्या विश्वचषकात हेडिंग्लेला ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराचा झेल दक्षिण आफ्रिकेच्या क्षेत्ररक्षकाने आनंदाने उडवायच्या घाईत सोडला, तेव्हा ‘पूर्ण ताबा’ म्हणजे काय यावर आपणही रात्री जागवल्या होत्या.

ग्रीन बेचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. कॅच धरला असता तरी ग्रीन बेच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या खेळाडूला) उत्तर द्यायला भरपूर वेळ मिळाला असता, हे खरं. दुसरं, आठवडाभर आधी डेट्रॉइटविरुद्ध डॅलसच्या बचावपटूवर पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे झेलणाऱ्याला बेकायदा अडवल्याचा, फ्लॅग पडला, पेनल्टी जाहीरही झाली आणि मग कारण न सांगता फ्लॅग उचलला गेला. डॅलस तो सामना २४–२० ने जिंकलं. डेट्रॉइटवर झालेला अन्याय मान्यच आहे, पण त्याची भरपाई दुसऱ्या शहरात, दुसऱ्या सामन्यात होत नसते.

२०१५ मध्ये नियमातले शब्द बदलले. ‘फुटबॉल मूव्ह’ ऐवजी खेळाडू ‘स्पष्टपणे धावपटू झाला का’ असं विचारलं जाऊ लागलं. गोंधळ होता तिथेच राहिला. रीप्लेचा अंतिम निर्णय २०१७ पासून लीगच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यालयातून होऊ लागला आणि त्याच डिसेंबरमध्ये पिट्सबर्गच्या टाइट एंडचा (हाही पास झेलणारा खेळाडू) न्यू इंग्लंडविरुद्धचा टचडाउन २८ सेकंद उरलेली असताना काढून घेतला गेला. गुडघा टेकून त्याने चेंडू गोल लाइनपलीकडे नेला होता, नंतर जमिनीवर तो हातात हलला. न्यू इंग्लंडने २७–२४ ने बाजी मारली. सात आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या टाइट एंडच्या झेपेत चेंडू असाच उसळला, पण आधी पावलं पडली असल्यामुळे टचडाउन टिकला.

मार्च २०१८ मध्ये संघमालकांनी ३२–० ने नवा नियम मंजूर केला : ताबा, दोन पाय किंवा शरीराचा दुसरा भाग मैदानात, आणि मग तिसरं पाऊल, चेंडू पुढे नेणं किंवा तसं करण्याइतका वेळ. पडताना शेवटपर्यंत चेंडू टिकवण्याची अट गेली. शिकागो आणि लॅम्बो फील्डवरचे झेल पूर्ण धरायला हवेत, यावर मसुदा करणाऱ्या समितीचं एकमत झालं होतं. तोपर्यंत डेट्रॉइटचा रिसीव्हर निवृत्त होऊन दोन वर्षं उलटली होती. डॅलसच्या रिसीव्हरला त्याच्या संघाने त्या मतदानानंतर महिन्याभरात मोकळं केलं.