घरी बांधलेल्या गाडीचं पासिंग: इंदूरच्या आरटीओत कागद नेमके कुठे अडतात

अंगणात चेसिस वेल्ड केली, जुन्या मारुतीचं इंजिन बसवलं, रंग झाला, आता फक्त पासिंग राहिलंय. असं म्हणत नायता मुंडल्याच्या आरटीओत पोचणाऱ्यांना बहुतेक वेळा खिडकीवरूनच परत पाठवतात, आणि का परत पाठवलं हे नीट कोणी सांगत नाही. कारण असं आहे: आपल्याकडे निरीक्षकाने एखादी एकटी गाडी तपासायची, 'बांधणी ठीक आहे' असा शेरा मारायचा आणि त्यावर नंबर द्यायचा, अशी सोयच कायद्यात नाही. समोर उभी असलेली गाडी कागदात लिहिलेलीच आहे ना, हे निरीक्षक आधी बघतो. दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं त्यानंतर. वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी कागद नसेल तर कोणी बॉनेटही उघडायला सांगत नाही. म्हणून कटर हातात घेण्याआधी आपण कोणत्या वाटेने जाणार हे ठरवा.

कोणाकडेच नसतो तो कागद

नव्या गाडीच्या नोंदणीला केंद्रीय मोटार वाहन नियम 47 प्रमाणे फॉर्म 20 चा अर्ज, फॉर्म 21 म्हणजे विक्री प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा, फी आणि फॉर्म 22 लागतो. गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या मानकांत बसते आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असं बनवणाऱ्या कंपनीने लिहून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 22. ज्या कंपनीचं मॉडेल नियम 126 खाली मान्य चाचणी संस्थेत पास झालंय, तिनेच दिलेला फॉर्म 22 चालतो. स्टॅम्प पेपरवरचं नोटरीचं शपथपत्र, ओळखीच्या मेकॅनिकल इंजिनिअरचं पत्र, कॉलेजच्या वर्कशॉपचा दाखला, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. सियागंजातून घेतलेल्या सुट्या भागांची जीएसटी बिलं फाइलला लावून फॉर्म 21 ची भरपाई करायला जाऊ नका. ती बिलं भागांची असतात, गाडीची नव्हे.

एजंट लोक इथे फॉर्म 22-अ पुढे करतात. 'बॉडी तुम्हीच बांधली ना, मग बॉडी बिल्डरचा फॉर्म लावू,' असं सांगून पैसे घेतले जातात. हा फॉर्म कंपनीने नुसती चेसिस विकली आणि बॉडी दुसरीकडे बांधली, त्या गाड्यांसाठी आहे. त्याचा पहिला भाग चेसिस बनवणारी कंपनीच भरते. चेसिसही तुम्हीच वेल्ड केली असेल तर तो भाग भरणार कोण?

मग स्वतःच नियम 126 ची चाचणी का करून घेऊ नये? इंदूरकरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण नॅट्रॅक्स हे गाड्यांचं चाचणी केंद्र इथून तासाभरावर पिथमपूरला आहे आणि 11.3 किलोमीटरचा तो हायस्पीड ट्रॅक सगळ्यांना माहीत आहे. पण ती चाचणी मॉडेलची असते. प्रवासी कारला एआयएस-098 या भारतीय वाहन मानकाप्रमाणे ताशी 56 किलोमीटर वेगाने समोरून अडथळ्यावर आदळवतात आणि एआयएस-099 प्रमाणे बाजूने धडक देतात. यात नमुन्याच्या गाड्या मोडतातच. ज्याने एकच गाडी बांधली आहे त्याच्याकडे चाचणीनंतर नोंदवायला काही उरत नाही. त्याशिवाय 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाडीला बीएस-6 या प्रदूषण मानकात बसणारं इंजिन लागतं, आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, ताशी 80 किलोमीटरच्या पुढे वाजणारा इशारा हे सगळं असावं लागतं. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन तिथेच बाद होतं. हजारो गाड्या विकणारी कंपनी हा खर्च पेलते. हौसेने एक गाडी बांधणाऱ्याला तो परवडणारच नाही, आणि हे त्याला आधी सांगायला कोणीतरी हवं.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक खास सूचना. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या 'बाजा' स्पर्धेत तुमच्या गाडीचं टेक्निकल इन्स्पेक्शन पास झालं, हे कौतुकाचंच आहे, पण ते स्पर्धेपुरतं आहे. ती गाडी ट्रेलरवर घालून न्या. कॉलेजच्या गेटबाहेर ती स्वतः चालवत नेलीत तर ती बिनानोंदणीची गाडी ठरते: दंड 5,000 रुपयांपर्यंत, वर जप्ती. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा कायद्याने सार्वजनिकच असते, कॉलनीतला आतला रस्तासुद्धा. घरी बांधलेली गाडी चालवायची तर कुंपण घातलेल्या खाजगी आवारातच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून बांधलेली छोटी जीप 2021 च्या अखेरीस देशभर गाजली. तेव्हाही आनंद महिंद्रा यांनी हेच लिहिलं होतं, की नियमात बसत नसल्यामुळे ती आज ना उद्या अडवली जाईल. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. कारागिरी खरी होती, पण नंबर मिळवायला तेवढं पुरत नाही.

चालणारी वाट: जुन्या नोंदणीवर नवी मेहनत

ज्यांना खरंच रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्यांनी चालू आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असलेली जुनी गाडी घ्यावी, तिची मूळ चेसिस आणि मूळ इंजिन राखावं आणि बाकी सगळं हाताने उभं करावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे छप्पर कापणं, चेसिस लांबवणं, पाच सीटच्या सात करणं हे बंद. प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीटची कव्हरं, आतलं अस्तर, मूळ मापाचे नवे पत्रे, मूळ प्रकारचे ब्रेक यांना हरकत नाही. रंग बदललात तर तो आरसीत चढवून घ्या.

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या चेसिस नंबरावर. निरीक्षक नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि छाप घेतो. एक अक्षर जरी उमटलं नाही तरी फाइल परत. गंज चढलेला असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश, तेही हळूहळू. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग त्या जागेच्या वीतभर जवळसुद्धा नको. तिथे पुट्टी आणि जाड रंगही लावू नका, पातळ प्रायमर पुरे. पत्राच कुजला असेल तर तो तुकडा कापून नव्या रेलवर वेल्ड करायचा मोह होतो. करू नका, कारण चोरीची गाडी नेमकी अशीच दिसते आणि मग प्रकरण आरटीओतून पोलिसांकडे जातं. नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा तर आधी आरटीओची लेखी परवानगी, मग काम. काम सुरू करण्याआधी नंबराचे फोटो आणि एक पेन्सिल छाप काढून ठेवा.

इंजिन बदलायचंच असेल तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं, आणि परवानगी आधी. कायद्यात 14 दिवसांची मुदत आहे, ती लोक हमखास चुकीची वाचतात: 'आधी बदलू, मग 14 दिवसांत कळवू.' तसं नाही. मंजुरी घेऊन केलेला बदल 14 दिवसांत आरसीत नोंदवायचा, असा तिचा अर्थ आहे. भंगारातून इंजिन घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा आणि एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर ती गाडी चोरीची नाही ना हे बघा. 'पक्कं बिल नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून इंजिन घेऊच नका. गाडीवर कर्ज असेल तर वित्त कंपनीची लेखी संमतीही लागते.

बॅटरीवर चालवायची असेल तर किट एआयएस-123 खाली त्या मॉडेलसाठी मंजूर झालेलं आणि अधिकृत केंद्रात बसवलेलं हवं. घरी जुळवलेला बॅटरी पॅक आरसीत चढत नाही.

मुदती आणि वारसा

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 वर. 'साठ दिवस' हा शब्द इथे फार जणांना बुडवतो. हे साठ दिवस मुदत संपण्याआधीचे आहेत. त्याहून आधी अर्ज घेत नाहीत, आणि मुदत संपल्यावर सवलतीचे कुठलेही साठ दिवस नाहीत. उशीर झाला की कारला महिन्याला 500 रुपये चढत जातात. मूळ फी 15 वर्षांनंतर 5,000 रुपये आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपुढच्या कारला 10,000. राज्याचा कर वेगळा. गाडी दोन वर्षं गॅरेजात उघडी पडणार असेल तर आधी नूतनीकरण, मग काम.

गाडी फार जुनी असेल तर तिची नोंद सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढली आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल तर अर्जाचं पानच उघडत नाही. आधी मूळ आरसी दाखवून कार्यालयातून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

रामबागेतल्या जुन्या घरांतून आजोबांची फियाट निघते तेव्हा अडतं ते नावावर. मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 वर गाडी आपल्या नावावर करायची. या दोन वेगळ्या मुदती आहेत. वारसांची संमती आणि मृत्यूचा दाखला आधी जमवा. शिवाय आपल्या मराठी नावांचा घोळ असतोच: आरसीवर 'कुलकर्णी', आधारवर 'कुळकर्णी', एकीकडे वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे नाहीच. आधी आधार आणि पत्त्याचा पुरावा एकसारखा करून घ्या.

महूकडून लष्कराच्या लिलावातली जीप घेणाऱ्यांनी लिलावाच्या पावतीवर समाधान मानू नये. नोंदणीला लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ फॉर्म 21 लागतो, झेरॉक्स चालत नाही. जीप दोनतीन हातांतून आली असेल तर तो कागद हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते: फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही, आणि रोजच्या वापराला ती चालवता येत नाही.

खिडकीवर 'नहीं होगा' असं तोंडी ऐकून घरी परतू नका. कलम 45 प्रमाणे नोंदणी नाकारली तर कारणांसह लेखी आदेश देणं कार्यालयाला बंधनकारक आहे, आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येतं. अर्ज पोर्टलवर भरा, पावती क्रमांक जपा, आणि नकार लेखी मागा. आदेशाचा कागद नसेल तर अपिलाला आधारच राहत नाही.