मतदारांची अदलाबदल म्हणजे धोरणांची अदलाबदल नव्हे

अमेरिकेत निवडणूक झाली की आपल्याकडे एक वाक्य हमखास फिरायला लागतं: ‘रिपब्लिकन आता कामगारांचा पक्ष झाला, डेमोक्रॅट श्रीमंतांचा झाला, दोघांनी आर्थिक भूमिकांची अदलाबदल केली.’ यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. शेवटचा नाही. पण पहिला खरा म्हणजे शेवटचाही खरा, असं गृहीत धरून लोक पुढे तासभर बोलतात.

मतदारांचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ते भराभर उरकतो. वेस्ट व्हर्जिनिया म्हणजे कोळशाच्या खाणी आणि युनियन. १९८८ साली डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस देशभर सपाटून हरले, तरी हे राज्य त्यांनाच मिळालं. अध्यक्षपदासाठी तिथे शेवटचा डेमोक्रॅट जिंकला तो १९९६ साली, क्लिंटन. २०२४ मध्ये ट्रम्पना तिथे सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं पडली. उलट कॅलिफोर्नियातली सधन ऑरेंज काउंटी हा रिपब्लिकनांचा गड. १९३६ नंतर तिथे अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅट उमेदवाराला आघाडी मिळाली ती थेट २०१६ साली, हिलरी क्लिंटन यांना. पदवीधर एका बाजूला, पदवी नसलेले दुसऱ्या बाजूला. इथवर कुणाचं भांडण नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. पक्षाला कोण मत देतं हा एक प्रश्न, पक्ष संसदेत कशाला मत देतो हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर भाषणांत मिळत नाही, मतदानाच्या नोंदीत मिळतं, आणि ती नोंद कुणालाही उघडून बघता येते. मग कोण कुणाचा पक्ष यावर लेखच्या लेख लिहिणारी माणसं ती का बघत नाहीत, हे मला खरंच कळत नाही.

बघा. २०१७ साली कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. त्या कायद्याला एकाही डेमोक्रॅटचं मत नव्हतं. २०२२ साली बायडन सरकारने बड्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लावला आणि मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, औषधांच्या किमतींवर घासाघीस करण्याचा अधिकार दिला. त्याला एकाही रिपब्लिकनचं मत नव्हतं. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने २०१७ ची करकपात पुढे चालू ठेवली आणि गरिबांच्या आरोग्यविम्यात, म्हणजे मेडिकेडमध्ये, मोठी कपात केली. पुन्हा एकही डेमोक्रॅट बाजूने नाही. युनियन बांधणं सोपं करणारं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात आलं, तेव्हा त्याला किती रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला? पाच. २०२४ च्या रिपब्लिकन अधिवेशनात टीमस्टर्स या बलाढ्य युनियनचे अध्यक्ष व्यासपीठावर आले, तर ‘बघा, युनियनही आली’ म्हणून केवढा गाजावाजा झाला! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. रिपब्लिकनांचं निवडणूक चिन्हही हत्तीच आहे, हा निव्वळ योगायोग.

एकच माणूस जवळून बघू. मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली. रिपब्लिकन पक्षाने कामगारांचा पक्ष व्हावं, असं सातत्याने म्हणणाऱ्यांपैकी ते. त्यांच्या राज्यातल्या लोकांनी २०२० मध्ये स्वतः मतदान करून मेडिकेडचा विस्तार करून घेतला होता. मे २०२५ मध्ये हॉलींनी वर्तमानपत्रात लेख लिहिला: मेडिकेडला कात्री लावणं नैतिकदृष्ट्या चूक आणि राजकीयदृष्ट्या आत्मघातकी आहे. १ जुलैला सिनेटमध्ये ५०–५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक पार पडलं. त्या पन्नासांत हॉली होते. ग्रामीण रुग्णालयांसाठीचा निधी वाढवून घेतला, असं त्यांचं समर्थन. मग त्याच महिन्यात, त्यातल्या काही कपाती मागे घ्याव्यात म्हणून त्यांनी नवं विधेयक मांडलं. माणूस ढोंगी आहे असं मी म्हणत नाही. मतदार सरकला की त्याचा दाब लेखात आणि भाषणात लगेच दिसतो, हात वर करायची वेळ आली की पक्ष जुन्याच जागी असतो, एवढंच यातून कळतं.

असं का होतं? खाणकामगार रिपब्लिकनांकडे गेला तो बव्हंशी करांच्या टक्केवारीसाठी नाही. स्थलांतर, धर्म, बंदूक, गर्भपात, शिवाय शहरी शिकलेल्यांबद्दलचा राग, ही कारणं मोठी. दुसऱ्या कारणांसाठी आलेल्या मतदाराला आर्थिक धोरणात मोबदला द्यायची पक्षाला घाई नसते. देणगीदार मात्र करांसाठीच आलेले असतात.

डेमोक्रॅटांच्या बाजूलाही हेच, फक्त तिथे एक फट दिसते. राज्याचे आणि स्थानिक कर केंद्रीय कर लागणाऱ्या उत्पन्नातून वजा करून घेण्यावर २०१७ च्या कायद्याने १०,००० डॉलरची मर्यादा घातली. ती उठवावी म्हणून न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातले डेमोक्रॅट हटून बसले. ती उठवण्याचा फायदा मुख्यतः चांगल्या कमाईच्या घरांना. वर बायडन यांचं वचन, चार लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांवर करवाढ नाही. आता चार लाखवाल्याला मध्यमवर्गीय म्हणायचं असेल तर म्हणा! इथे नव्या मतदाराने धोरणाला थोडं वाकवलंय, हे मान्य. वाकवलंय, उलटं केलेलं नाही.

मग आयातशुल्क? इथे हालचाल खरी आहे, पण तिला अदलाबदल म्हणणं मला पटत नाही. चढं आयातशुल्क हे रिपब्लिकनांचं जुनं माहेर: १८९० चं मॅकिन्लींचं शुल्क, १९३० चा स्मूट-हॉली कायदा. शुल्क उतरवायची वाट १९३४ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टनी उघडली. पुढे उलटलं. १९९३ मध्ये कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापाराचा नाफ्टा करार प्रतिनिधीगृहात पार झाला तो १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट मतांवर. तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्याच पक्षातले बहुतेक सदस्य विरोधात गेले. ट्रम्प यांनी रिपब्लिकनांना पुन्हा माहेरी नेलं. पण रिकाम्या झालेल्या मुक्त व्यापाराच्या जागेवर डेमोक्रॅट येऊन बसले का? बायडन यांनी चीनवरची ट्रम्प यांची शुल्कं बहुतांशी तशीच ठेवली आणि २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांवर नेलं. ट्रम्प यांच्या शुल्कांना डेमोक्रॅटांचा आज विरोध आहे तो मुख्यतः सरसकटपणाला आणि मनमानीला. अदलाबदलीला दोन माणसं लागतात. इथे एकच उठून चालू लागलाय.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने इंटेल या चिप कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला आणि डावे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी त्याचं स्वागत केलं, तेव्हा ‘रिपब्लिकन समाजवादी झाले’ अशी आरोळी उठली. कंपनीत सरकारने भागीदार होणं वेगळं आणि श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणं वेगळं. पहिलं दोन्ही पक्ष आपापल्या पद्धतीने करायला लागलेत. दुसऱ्यावर रेघ अजून तिथेच आहे.

ती हलली तर कशी दिसेल, याचा नमुनाही मे २०२५ मध्ये दिसून गेला. अतिश्रीमंतांचा वरचा कर ३७ वरून ३९.६ टक्के करायची कल्पना खुद्द ट्रम्प यांच्याकडून पुढे आली. मग त्यांनीच लिहिलं की रिपब्लिकनांनी बहुधा हे करू नये, पण केलं तर आपली हरकत नाही. पक्षाने केलं नाही. जुलैच्या कायद्यात आकडा ३७ च राहिला.