कॅलरी की मॅक्रो? एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

स्नायू वाढवायचे ठरवले की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले कानावर येतात. एक सांगतो, दिवसभराच्या कॅलरी मोज, बाकीचं होईल. दुसरा सांगतो, कॅलरी सोड, मॅक्रो बघ: प्रथिने किती, कर्बोदके किती, फॅट किती. ऐकणाऱ्याला वाटतं, हे दोन पंथच आहेत. मागे जाऊन पाहिलं तर दिसतं, की मॅक्रोंची विभागणी आधीची आहे आणि पाकिटावर छापलेली कॅलरी बहुतेक वेळा त्याच तीन आकड्यांवरून काढलेली असते.

अन्नातल्या पोषक भागांचे तीन गट लंडनचे डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२७ मध्ये मांडले: साखरेच्या जातीचे, तेलाच्या जातीचे आणि अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखे. तिसऱ्या गटाला ‘प्रोटीन’ हे नाव १८३८ मध्ये मिळालं, ‘पहिलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. ‘कॅलरी’ हा शब्दही साधारण त्याच काळात पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ वापरत होते, पण उष्णता मोजण्यासाठी. जेवणाशी त्याचा अजून संबंध नव्हता.

त्यानंतर जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी ठामपणे मांडलं, की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःलाच जाळतो आणि ती झीज फक्त प्रथिनांनी भरून येते. म्हणजे प्रथिने हीच वीट आणि तेच सरपण. स्नायूंच्या आहाराच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या कल्पनेची परीक्षा.

ऑगस्ट १८६५. आडोल्फ फिक आणि योहान्स विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधलं फाउलहॉर्न शिखर चढायला निघाले. चढण जवळजवळ २,००० मीटरची. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने बंद केली होती. खायला फक्त चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या, प्यायला साखर घातलेला चहा. वाटेत आणि चढून झाल्यावरही दोघांनी आपली लघवी जपून गोळा केली. कारण तिन्ही गटांत नायट्रोजन असतो तो प्रथिनांतच, सुमारे १६ टक्के. शरीरात प्रथिने जळली की तो नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. तो मोजून ६.२५ने गुणलं की किती प्रथिने खर्ची पडली ते कळतं. हिशेब निघाला माणशी सुमारे ३७ ग्रॅम. पुढे एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रथिने जाळून त्यांची उष्णता मोजली, तेव्हा दिसलं की तेवढी ऊर्जा शरीराचं वजन वर नेण्याच्या कामाच्या जेमतेम निम्म्याला पुरली असती. उरलेलं काम स्टार्च आणि चरबीने केलं होतं. वीट वेगळी, सरपण वेगळं, हे इथे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

सरपणाचा हिशेब पूर्ण केला अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाच्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी. १८९०च्या दशकात त्यांनी एका माणसाला जेमतेम मावेल अशी बंद खोली बनवली. माणूस तिच्यात दिवसचे दिवस राहायचा. त्याच्या अंगाची उष्णता नळ्यांतून वाहणारं पाणी शोषून घ्यायचं. आत जाणारं अन्न आणि बाहेर येणारं मलमूत्र, सगळ्याची तपासणी व्हायची. आज जो तो वापरतो ते ४-९-४ हे आकडे, म्हणजे प्रथिने, फॅट आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅममागच्या कॅलरी, अ‍ॅटवॉटर यांच्या याच कामातून आले. प्रथिनांचंच पाहा: एक ग्रॅम पूर्ण जाळलं तर ५.६५ कॅलरी मिळतात, त्यातल्या १.२५ लघवीवाटे जातात, उरलेल्यातला सुमारे ९२ टक्के भागच पचतो. झाल्या ४. फॅटच्या याच पद्धतीने ९, कर्बोदकांच्या ४.

म्हणून जो तिन्ही मॅक्रो लिहून ठेवतो, त्याने कॅलरी मोजलेल्याच असतात. उलट मात्र होत नाही. २,८०० या एका आकड्यावरून त्यात वीट किती हे कोणी सांगू शकत नाही.

विसाव्या शतकात हे मागे पडलं. १९१८च्या सुमारास अमेरिकेत वजन घटवण्यासाठी कॅलरी मोजण्याची लाट आली आणि तो एकच आकडा घराघरांत पोचला. वजन उतरवायला तो कामाचा होताच. मॅक्रो सामान्य माणसाच्या हाती आले ते फार उशिरा, १९९०च्या दशकात अमेरिकेत पोषणाचा तक्ता पाकिटावर सक्तीचा झाला त्यानंतर, आणि पुढे मोबाइल अ‍ॅपमुळे.

एकट्या आकड्याची मर्यादा २०१२च्या एका प्रयोगात उघडी पडली. लुइझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात २५ जणांना आठ आठवडे ठेवून रोज गरजेपेक्षा सुमारे ९५० कॅलरी जास्त खायला घातलं. ज्यांच्या जेवणात प्रथिनांचा वाटा ५ टक्के होता त्यांचं चरबीविरहित वजन ०.७ किलोने घटलं. २५ टक्के वाट्याच्या गटात ते ३.१८ किलोने वाढलं. चरबी मात्र सगळ्यांची जवळपास सारखीच चढली. ती जास्तीच्या कॅलरींनी ठरवली. या लोकांनी व्यायाम केला नव्हता आणि चरबीविरहित वजन म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मला यापेक्षा स्पष्ट उत्तर दिसलेलं नाही.

व्यायाम करणाऱ्यांसाठी २०१८च्या एका एकत्रित विश्लेषणात वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने हा आकडा आला. त्यापुढे स्नायूवाढीत सरासरीने फारशी भर दिसली नाही. ७५ किलोच्या माणसाला हे १२० ग्रॅम, म्हणजे ४८० कॅलरी. उरलेल्या कॅलरी कर्बोदके आणि फॅटमध्ये कशा वाटायच्या, यावर लोक जितका जीव टाकतात तितका टाकण्यासारखं तिथे काही नाही, असं माझं मत आहे.

आणि दोन्ही हिशेबांत शिरणारी चूकही एकच आहे, कारण ४-९-४ हे गुणक दोन्हीकडे तेच आहेत. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांच्या कॅलरी या गुणकांनी सुमारे १७० निघतात. २०१२ मध्ये माणसांवर प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा १२९ भरल्या. चावूनही न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर पडतं.